तायडे, तुझा रात्रीचा मेसेज वाचला

तायडे,

रात्री दीडला टाकलेला तुझा मेसेज सकाळी बघितला. "काका, मी कॉलेजची साईट हॅक केली" आणि त्याच्यापुढं तीन फटाके. खालचं सगळं दोनदा वाचलं, की रिझल्टच्या पानावर वरच्या लिंकमध्ये शेवटी तुझा सीट नंबर दिसत होता, तू त्यातला एक आकडा बदलून एंटर मारलं तर मैत्रिणीची मार्कशीट उघडली, अजून एक बदलला तर अजून एकीची, आईच्या नावासकट, मोबाईल नंबरसकट. आणि शेवटी विचारलंस की हे हॅकिंगच असतंय ना, मला हेच शिकायचंय, कुठून सुरू करू.

फोन केला असता पण फोनवर मी आधी रागावलो असतो आणि सांगायचं ते राहून गेलं असतं, म्हणून टाईप करायलोय. लांब होईल, पण नीट वाच.

आधी हे सांगतो की तू जे पकडलंस ते खरंच भारी आहे. ही चूक छोटी नाही. ओवास्प नावाची संस्था वेबसाईटमधल्या धोक्यांची यादी काढते, त्यांच्या २०२१ च्या यादीत ह्याच जातीची चूक एक नंबरला होती, २०१७ च्या यादीत ती पाचवी होती. सर्व्हरनं तू लॉगिन केलंस एवढं बघितलं, पण मागितलेली मार्कशीट तुझीच आहे का हे विचारलंच नाही. म्हणजे गेटवरच्या माणसानं आयकार्ड बघून आत सोडलं आणि आत कुणाचं कपाट कोण उघडायलंय ह्याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. हजारो पोरांनी ती लिंक बघितली असेल, आकडा बदलून बघावा असं तुझ्या डोक्यात आलं. ही खाज चांगली आहे, ती मारू नकोस.

आता तुझा प्रश्न, की हे हॅकिंग का. त्याचं उत्तर एका शब्दात नाही कारण तो शब्दच एक नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ घाव घालून तोडणं, तुकडे करणं. आपण ज्याला कोरडी ढास म्हणतो त्या खोकल्यालाही इंग्रजीत तोच शब्द लावतात. भाड्याच्या घोड्यालाही हॅक म्हणायचे, त्यावरनं पैशासाठी काहीही भराभर लिहून देणाऱ्या लेखकाला म्हणायला लागले. प्रोग्रामरला विचार, तो कोडमध्ये एखादं ठिगळ लावतो आणि वर टीप लिहून ठेवतो की हा हॅक आहे, नंतर नीट करा (ते नंतर कधी होत नाही ते सोड), आणि तोच प्रोग्रामर दुसऱ्या दिवशी कुणाचं तरी डोकेबाज काम बघून म्हणतो, काय हॅक आहे राव! म्हणजे कच्चं काम पण हॅक आणि कमाल काम पण हॅक. आता तर कुकरची शिट्टी नीट बसवायची युक्ती सांगणारा पण लाईफ हॅक म्हणतो, आणि दीड-दोन दिवस रात्रभर जागून प्रोजेक्ट करायच्या स्पर्धेला हॅकेथॉन, तुमच्या कॉलेजातून पोरं सरकारच्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनला जातात ती हीच.

पण आपल्या कामाचा जो अर्थ आहे तो अमेरिकेत एमआयटी ह्या विद्यापीठातल्या एका क्लबातून आला, आणि तो क्लब कॉम्प्युटरचा नव्हता. खेळण्यातल्या रेल्वेचा होता. पोरांनी मोठ्या टेबलावर रूळ मांडलेले आणि त्याच्या खाली टेलिफोन एक्सचेंजमधल्या रिले (विजेवर चालणारे स्विच) आणि वायरींचं जाळं, गाडी कुठून कुठं वळवायची, सिग्नल कधी पडायचा, सगळं त्यावर चालायचं. काही पोरांना वरची गाडी आवडायची, काही पोरं टेबलाखालीच असायची. ह्या खालच्या पोरांनी हा शब्द उचलला. त्यांच्या मीटिंगची एप्रिल १९५५ ची एक नोंद आहे, त्यात लिहिलंय की विजेच्या यंत्रणेवर जे कुणी काम करायलेत किंवा हॅकिंग करायलेत त्यांनी आधी करंट बंद करावा, म्हणजे फ्यूज उडणार नाही. ह्या अर्थानं हा शब्द लिहिलेला सापडतो त्यातल्या सगळ्यात जुन्या जागांपैकी ही एक. मला ती नोंद लै आवडते. नवा अर्थ कागदावर यायलाय आणि त्याच वाक्यात फ्यूजची काळजी.

का आवडते ते सांगतो, हे तुझ्या पप्पांना माहीत आहे पण तुला नसेल.

बारावीनंतर दोन वर्षं मी अंबाजोगाईला मामाच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात होतो. लोडशेडिंगची वर्षं ती. दिवसा गावाला सिंगल फेज, शेतीची थ्री फेज रात्री कधीतरी, म्हणजे माणसानं पाणी द्यायला रात्री दोनला विंचूकाट्यात जायचं. थ्री फेजची मोटार कमी फेजवर चालू केली तर नुसती घूं घूं करती, फिरत नाही, आणि तशीच ठेवली तर वायंडिंग जळून आमच्याकडं भरायला येती. वार्निश जळाल्याचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. एक शेतकरी आला, त्याचा ऊस वाळायला होता, म्हणाला पोरा काहीतरी कर. मी कंडेन्सर लावून तिसऱ्या फेजसारखं करून द्यायचा डबा बनवला. हे काही मी शोधलेलं नव्हतं, तालुक्यात बरेच जण करायचे, पण माझा डबा चांगला होता, किती मायक्रोफॅरडचा (कंडेन्सरचं माप ते) कुठल्या मोटारीला हे मी वहीत मांडून ठेवलं होतं. मोटार फिरली. पाणी आलं तेव्हा त्या माणसाचा चेहरा मी बघितला आणि मला वाटलं मी इंजिनिअरच झालो. महिन्याभरात त्याच गावातल्या अकरा जणांना डबे दिले.

मग डीपी जळाला. डीपी म्हणजे व्हॉट्सअॅपवरचा नाही गं, गावाबाहेरच्या खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. अकरा मोटारी ज्या फेजवर यायला नको त्या फेजवर आल्या आणि दुसरीकडून आणखी कुणाकुणाचे डबे असतीलच. पंधरा दिवस दुसरा डीपी आला नाही. गिरणी बंद, नळाचं पाणी बंद, पोरांची परीक्षा कंदिलावर. तिथं एक म्हातारी होती, तिच्याकडं ना शेत ना मोटार, ती रोज दोन किलोमीटरवरनं डोक्यावर पाणी आणायली होती. मामा मला गाडीवर बसवून तिथं घेऊन गेला, काही बोलला नाही, परत येताना एवढंच म्हणाला, मोटार फिरली ती दिसली तुला, करंट कुणाच्या वाट्याचा होता ते नाही दिसलं.

आणि ह्यातली गंमत बघ, तोच कंडेन्सर. महावितरण स्वतः शेतकऱ्यांना सांगते की पंपाला कपॅसिटर, म्हणजे कंडेन्सरच, बसवा, कारण नीट जोडला तर मोटार तारेतून जो जास्तीचा करंट ओढते त्यातला काही भाग तो तिथल्या तिथं पुरवतो आणि डीपीवरचा भार कमी होतो. वस्तू एकच, एका जोडणीत डीपी वाचतो, दुसऱ्या जोडणीत जळतो. ऑटोस्विचचं पण तसंच, एकट्याच्या मोटारीला लै सोयीचा, लाईट आली की आपोआप चालू, माणसाला झोप मिळती, पण सगळ्यांनीच लावला तर लाईट येताक्षणी शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपीला दणका बसतो. म्हणून तर काढा म्हणतात.

आता हेच कॉम्प्युटरमध्ये बघ. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्यानं एक प्रोग्राम सोडला, एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर आपोआप जाणारा. काही पुसायचं, चोरायचं असं त्यात काही नव्हतं. मशीनवर आपली कॉपी आधीच आहे का हे तो विचारायचा, पण कुणी खोटं "हो" सांगून त्याला अडवू नये म्हणून सातातून एकदा उत्तर "हो" आलं तरी स्वतःला बसवायचाच. एवढ्या एका आकड्यानं एकेका मशीनवर कॉपीवर कॉपी साचल्या आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांची मशीनं गुदमरून पडली. त्याला तीन वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला. पुढं तोच माणूस एमआयटीत प्रोफेसर झाला, म्हणजे डोकं चांगलंच होतं, पण तो आकडा त्यानं दुसऱ्यांच्या मशीनवर तपासून बघितला.

आणि तुझ्या केसच्या अगदी जवळची एक केस सांगतो. २०१० मध्ये अमेरिकेत एटी अँड टी कंपनीच्या सर्व्हरवर आयपॅडच्या सिमचा नंबर लिंकमध्ये टाकला की त्या माणसाचा ईमेल दिसायचा. नंबर बदलला की दुसऱ्याचा. अगदी तुझ्यासारखंच. दोघांनी त्यासाठी प्रोग्राम लिहून सुमारे १,१४,००० ईमेल गोळा केले आणि पत्रकाराला दिले. त्यातल्या एकाला २०१३ मध्ये ४१ महिन्यांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये वरच्या कोर्टानं ती रद्द केली, पण कशामुळं, तर खटला चुकीच्या राज्यात चालवला म्हणून, केलं ते बरोबर होतं असं काही कोर्ट म्हणालं नाही. आणि तोपर्यंत तो वर्षभर आत होता.

आपल्याकडचा कायदा पण वाचून घे, वकिलासारखा नाही, नुसता माहीत असावा म्हणून. २००० च्या आयटी कायद्यात कलम ६६ चं नावच हॅकिंग होतं, २००८ च्या दुरुस्तीत तो शब्द काढला, आता कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय सिस्टिममध्ये शिरणं, डेटा काढणं वगैरे आहे, आणि ते अप्रामाणिकपणे केलं की कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बघ, शब्द गेला पण परवानगी राहिली. ते लक्षात ठेवायचं. लिंक उघडीच होती, मी फक्त आकडा बदलला, हे तू म्हणशील आणि ते खरं आहे, पण शेजारणीचं दार नुसतं लोटलेलं असलं म्हणून आपण तिच्या कपाटातले कागद वाचत नाही.

अजून एक. आपल्याकडं हल्ली सगळ्यालाच हॅक म्हणायलेत. तुझ्या आत्याचं अकाउंट "हॅक झालं" ते आठव, कुणीतरी फोटो उचलून त्याच नावाचं दुसरं खातं काढलं आणि पैसे मागितले. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअॅपवर एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये अॅप बसवायची फाईल, येती, माणूस ती इन्स्टॉल करतो आणि मेसेज, ओटीपी सगळं चोराच्या हातात. ह्यात सिस्टिम कुणी फोडली नाही, माणसाचा विश्वास फोडला. मला विचारशील तर हे वीज चोरायला आकडा टाकण्यासारखं आहे. तारेवर आकडा टाकायला वीज कळावी लागत नाही, फक्त भीड नसावी लागते. तुझ्या हॉस्टेलवर पण कुणीतरी पोरगं इन्स्टा हॅक करून देतो म्हणून पैसे घेत असेल, त्याच्या नादी लागू नकोस. आणि गावाकडं कुणाचे पैसे असे गेले तर पहिल्या तासात १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन लावायला सांग, रडत बसण्यात तो तास जातो.

बरं, आता तुझं काम. मैत्रिणींच्या मार्कशीटचे स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकले असशील तर आत्ता सगळ्यांसाठी डिलीट कर, आणि ज्यांची उघडलीस त्यांना स्वतः जाऊन सांग. आकडे बदलून अजून बघू नकोस, चूक दाखवायला स्वतःचा नंबर आणि राजी असलेल्या एका मैत्रिणीचा नंबर एवढे दोन पुरे होते, प्रोग्राम लिहून सगळा वर्ग उतरवणं तर लांबच राहू दे. मग अर्ज लिही, साधा, की अमुक तारखेला माझा रिझल्ट बघताना असं लक्षात आलं, असं केल्यावर असं दिसतं, मी ह्यापुढं काही बघितलं नाही आणि काही जवळ ठेवलं नाही. हे शेवटचं लिहिताना खरं असलं पाहिजे. एकटीनं देऊ नकोस, तुझ्या ज्या मॅडमवर विश्वास आहे त्यांना सोबत घेऊन प्राचार्यांना दे आणि पोच घे. त्यांनी दाबून टाकलं तर घाबरू नकोस आणि चिडून नेटवर पण टाकू नकोस, सर्ट-इन ही सरकारी संस्था अशा कमजोऱ्यांची माहिती घेते, तिथं आपण मिळून लिहू.

शिकायचं म्हणतेस तर त्यासाठी दुसऱ्याच्या दाराला हात लावायची गरजच नाही. मुद्दाम फोडायलाच बनवलेल्या साईटी आहेत, ओवास्पचं ज्यूस शॉप म्हणून एक पूर्ण दुकान आहे चुकांनी भरलेलं, ते स्वतःच्या लॅपटॉपवर चालवायचं. पोर्टस्विगर कंपनीची वेबसाईटची सुरक्षा शिकवणारी अॅकॅडमी नेटवर फुकट आहे, तिथं तुझ्याच चुकीवर धडे आहेत. लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) येत नसेल तर ओव्हर द वायर ह्या साईटवरचा बँडिट नावाचा खेळ खेळ, पहिल्या दहा पायऱ्या एका रविवारात होतील, पुढं डोकं दुखेल, दुखू दे. कंपन्या स्वतःहून सांगतात की आमच्या ह्या ह्या भागात चुका शोधा, पैसे देऊ. नेटस्केप ह्या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीनं १९९५ मध्ये हे सुरू केलं होतं, आज कितीतरी कंपन्या करतात. पण तिकडं लगेच पळू नकोस, आधी एचटीटीपी म्हणजे काय, कुकी कुठं ठेवतात, सर्व्हर तुला ओळखतो कसा, हे वहीत मांड. मायक्रोफॅरडची वही अजून माझ्याकडं आहे, दाखवीन.

शनिवारी मी लातूरला यायलोय, तुझ्या पप्पांकडंच उतरणार. अर्जाचा कच्चा मसुदा तोवर लिहून ठेव, मराठीत लिहिलास तरी चालतंय. घरातला तो जुना लॅपटॉप काढून ठेव, त्यावर लिनक्स टाकून ज्यूस शॉप बसवू आणि तुझीच लिंकवाली युक्ती त्याच्यावर करून बघू. चार्जर शोधून ठेव, माझा त्याला बसत नाही.

काका