डिस्क गोल्फमध्ये माझा बॅकहँड 200 फुटांच्या पुढे जातच नाही, सराव कसा करू?

तुम्ही लिहिलंय की तीन महिने ऑफिसातल्या लोकांबरोबर डिस्क गोल्फ (थाळीसारखी डिस्क फेकत फेकत साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायचा खेळ) खेळताय, जीव तोडून फेकता तरी ड्रायव्हर (लांब फेकायची डिस्क) वर चढते, मग डावीकडे वळून 200 फुटांवर पडते, आणि ग्रुपमधली एक बारीकशी मुलगी हसत हसत 300 टाकते. अहो, अगदी हेच माझं झालेलं. मी शार्लटला असतो, नॉर्थ कॅरोलिनात, इथे कोर्सची कमी नाही, हॉर्नेट्स नेस्ट पार्कमध्ये पहिल्याच दिवशी दोन डिस्क झाडीत घालवून घरी आलो. त्यात लहानपणापासून बॅडमिंटन खेळलेलो, म्हणजे वाटायचं मनगट झटकलं की झालं. तिथेच घोळ होता.

ते जे "जीव तोडून" आहे ना, आधी ते बंद करा. ताकद कमी पडत नाहीये, चुकीच्या वेळी लागतेय. गावाकडे ज्वारीच्या राखणीला कुणी गोफण फिरवताना पाहिलंय का? दंड आवळून कुणी गोफण मारत नाही, अंग फिरतं, हात सैल असतो, अगदी शेवटी एक दोरी सुटते आणि दगड सूं करून जातो. बॅकहँडचंही तेच, आधी पाय, मग कंबर, मग खांदा, मग कोपर, आणि मनगट सगळ्यात शेवटी आपोआप उघडतं. आपण सुरुवातच हाताने करतो.

पहिलं काम, ड्रायव्हर गाडीच्या डिकीत टाका, महिनाभर काढू नका. डिस्कवर चार आकडे असतात, त्यातला पहिला स्पीड. 12 स्पीडची डिस्क तेवढ्या जोरात गेलीच नाही तर ती सरळ जात नाही, लवकर डावीकडे पडते (उजव्या हाताने बॅकहँड मारणाऱ्याची), आणि आपल्याला वाटतं अजून जोर लावायला हवा. एव्हिएरसारखा पटर (जवळून बास्केटमध्ये टाकायची डिस्क) किंवा बझसारखी मिडरेंज (मधल्या अंतराची) घ्या. पटर खोटं बोलत नाही, जरा वाकडं सुटलं की हवेत लगेच डगमगतो. मी पटरने 200 टाकायला लागलो तेव्हा ड्रायव्हर न शिकताच 270 ला गेली.

आता तुमची डिस्क वर का चढते, तर तिचं नाक वर असतं. पुढची कड जराशी जरी वर असली तरी हवा खालून लागते, डिस्क चढते, वेग मरतो, मग डावीकडे. उपाय सोपा आहे पण सवय व्हायला वेळ लागतो. किटलीतून चहा ओतताना मनगट अंगठ्याच्या बाजूने खाली झुकतं ना, तसं ठेवायचं, पूर्ण थ्रोभर. मी रोज चहा ओततानाच याची प्रॅक्टिस करायचो, बायको म्हणायची कपात ओत, ओट्यावर नको.

मैदानात जाल तेव्हा धावत येणं, एक्स-स्टेप (पायामागून पाय टाकत येणं) वगैरे काही नको. उभ्यानेच. डिस्क उजव्या छातीपाशी आणा, कोपर पुढे काढलेलं, आणि फक्त तिथून फेका. हसू येईल एवढं कमी जाईल असं वाटतं, पण नीट बसलं की शंभरच्या पुढे जाते. मग हळूहळू हात मागे न्या, मग कंबर घाला, पावलं सगळ्यात शेवटी. हात मागे नेताना डिस्क पाठीमागे वळवू नका, नाहीतर येताना ती छातीला वळसा घालून येते आणि कुठेही सुटते. जमिनीवर रेघ असेल तर तिच्यावरूनच ओढत आणा. अमेरिकन फुटबॉलचं मैदान रिकामं मिळालं तर सोनं, दर 5 यार्डांना रेघ असते, अंतर मोजायचीही कटकट नाही.

आणि मोबाइल स्लो मोशनवर लावून बाजूने शूट करा, हे टाळू नका. मी तीन आठवडे म्हणत होतो की माझा पुढचा पाय आधी पडतो, व्हिडिओत पाहिलं तर डिस्क पोटासमोरून निघून गेलेली आणि टाच अजून हवेतच! पाय टेकल्यावरच ओढायचं, त्या टेकलेल्या पायावर अंग थांबतं म्हणून हात सुटतो.

किती फेकायच्या? 30-40 खूप झाल्या, आठवड्यातून तीनदा. मी एका रविवारी उत्साहात शंभरावर ड्रायव्हर मारल्या आणि पुढचा महिनाभर कोपर धरून बसलो, दाराची कडीसुद्धा डाव्या हाताने उघडायचो. कोपर किंवा खांदा दुखला की त्या दिवशी लांब फेकणं बंद, बास्केटजवळून पटिंग करा.

हो, यूट्यूबवर 500 फुटांचे थ्रो बघून जीव खाऊ नका. 2016 मध्ये डेव्हिड विगिन्स ज्युनिअर या खेळाडूने 338 मीटर (1,100 फुटांच्या पुढे) टाकली होती, पण ती नेवाडाच्या वाळवंटात, पाठीवर जोरदार वारा घेऊन. आपल्याला झाडांमधून सरळ 250 गेली तरी बास्केट दिसते. मला 210 वरून 290 ला यायला पाच महिने लागले, त्यातले पहिले दोन तर अंतर उलट कमीच झालं होतं, तेव्हा घाबरू नका.

तुम्ही डावखुरे असाल तर वरचं डावं-उजवं सगळं उलटं वाचा, मी लिहिताना विचारायचं विसरलो.