बावीस ते त्र्याऐंशी : हेलेन शेर्फबेकची आत्मचित्रं

एकाच चित्रकर्तीची तरुणपणची आणि म्हातारपणची आत्मचित्रं शेजारी ठेवली, तर वयाखेरीज आणखी काय दिसतं, असं आपण विचारलंय. माझ्या मते यासाठी फिनलंडची हेलेन शेर्फबेक (१८६२–१९४६) बघावी.

१८८४-८५ चं चित्र बाविशीतलं. पॅरिसमध्ये शिकलेली मुलगी. केस, त्वचा, गालावरचा उजेड, सगळ्यात हात बसलेला. सुरेखच आहे. पण खरं सांगायचं तर तिथे शिकलेल्या एखाद्या हुशार विद्यार्थ्यानेही असं काढलं असतं.

१९१५ च्या चित्राचं तसं नाही. फिनिश कला संस्थेने आपल्या सभागृहात लावण्यासाठी ते मागवलं होतं. बाईंनी काय दिलं? मागे मिट्ट काळोख, पावडर थापल्यासारखा पांढुरका चेहरा, गालांवर गुलाबी, मागच्या बाजूला लाल भांड्यात ब्रश. आणि त्या काळोखात स्वतःचं नाव, थेट थडग्यावर कोरल्यासारखं! पन्नाशी नुकतीच उलटली होती.

लहानपणी जिन्यावरून पडल्यामुळे ती जन्मभर लंगडत चालायची, प्रकृतीही तोळामासा. पुढे बरीच वर्षं ह्युविन्क्या या लहान गावात आईबरोबर काढली. आरशातलं मॉडेल केव्हाही हजर, हे पुन्हा पुन्हा स्वतःलाच रंगवण्यामागचं व्यावहारिक कारण.

१९४४ मध्ये युद्धामुळे ती स्वीडनला गेली आणि साल्टशोबाडेनच्या एका हॉटेलात राहिली. शेवटच्या दोनेक वर्षांत तिथे वीसेक आत्मचित्रं झाली. चेहरा कवटीसारखा होत गेलेला, रंग जेमतेम. एकात खालच्या ओठावर फक्त एक लाल ठिपका. लोक यात मरणाची भीती बघतात. असेलही. मला मात्र त्यात जुनी सवय जास्त दिसते. कॅनव्हासचा पोत दिसेपर्यंत रंग खरवडून काढणं ती कित्येक वर्षं करतच होती. म्हातारपणी तेच स्वतःच्या तोंडावर केलं, आणि जराही दयामाया न दाखवता. तरुणपणी जे जे छान जमत होतं, ते तिने एकेक करून सोडून दिलं. वयाखेरीज काय दिसतं याला माझं उत्तर हेच.

बाविशीचं, १९१५ चं आणि लाल ठिपक्याचं, तिन्ही चित्रं हेलसिंकीच्या आतेनेउम संग्रहालयाकडे आहेत. नेटवर मोठी करून बघा, आणि आधी फक्त ओठ बघा.