लाइटरूम बंद करताना घेतलेला बॅकअप पुरेसा असतो का?

तुमच्याकडे दीड टीबी फोटो आहेत, जवळपास 80,000 फाइल्स, आणि सगळं लाइटरूम क्लासिकमध्ये, म्हणजे अडोबीच्या फोटो सांभाळायच्या आणि एडिट करायच्या प्रोग्रॅममध्ये, लावलेलं आहे. प्रोग्रॅम बंद करताना तो आठवड्यातून एकदा बॅकअपचं विचारतो, तुम्ही हो म्हणता. एवढ्यावर निर्धास्त राहता येईल का, आणि क्लाउडचं काय, असं तुम्ही विचारलंय.

नाही येणार. त्या बॅकअपमध्ये तुमचा एकही फोटो नसतो.

लाइटरूम क्लासिक फोटो स्वतःच्या पोटात घेत नाही. ते डिस्कवर जिथे ठेवलेत तिथेच राहतात आणि कॅटलॉग ही त्यांची नोंदवही असते. कोणता फोटो कुठल्या फोल्डरमध्ये, त्याला किती तारे दिले, कीवर्ड कोणते, कॅप्शन काय, क्रॉप कुठे केलं, सावल्या किती उजळल्या, हे सगळं एलआरकॅट नावाच्या एका डेटाबेस फाइलमध्ये असतं. बंद करताना बॅकअप होतो तो या वहीचा. उलट, नुसतं फोटोंचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर टाकलं तर फोटो येतात आणि वही मागे राहते.

माझं नेमकं हेच झालं. आजोबांच्या अल्बममधले चारेकशे फोटो मी स्कॅन केले होते. बाबांना शेजारी बसवून रोज संध्याकाळी आम्ही वीस-पंचवीस फोटो घ्यायचो. हा कोण, ही कोणाची मुलगी, हे लग्न कोणाचं, ते सांगायचे आणि मी कॅप्शनमध्ये लिहायचो. पुढे लॅपटॉपची डिस्क गेली. फोटो बाहेरच्या डिस्कवर होते, ते सगळे वाचले. कॅटलॉग लॅपटॉपवर होता. त्याचे दर आठवड्याचे बॅकअपही होते, पण तेही त्याच लॅपटॉपवर, कॅटलॉगच्या शेजारच्या फोल्डरमध्ये, कारण ते ठेवायची मूळ जागा तीच असते आणि ती मी कधी बदललीच नव्हती. तोवर बाबा गेले होते. आज त्यातल्या निम्म्या चेहऱ्यांची नावं सांगणारं घरात कोणी नाही. फोटो गेल्याचं दुःख लोकांना कळतं. वही गेल्यावर काय जातं, ते मला त्या दिवशी कळलं. म्हणून आधी कॅटलॉगबद्दलच लिहितो.

बॅकअपची जी खिडकी येते, तिच्यात फोल्डरचा पत्ता दिसतो आणि तो बदलायचं बटणही तिथेच असतं. सेटिंग्जमध्ये कितीही शोधलंत तरी ते दुसरीकडे सापडणार नाही. तिथे वेगळी डिस्क निवडा. बॅकअपआधी कॅटलॉग तपासायची जी खूण असते, ती काढू नका. बिघडलेल्या कॅटलॉगच्या दहा प्रती असूनही उपयोग शून्य. जुने बॅकअप आपोआप पुसले जात नाहीत, ते साठत जातात. अधूनमधून काढून टाका, पण दोन-चार महिन्यांपूर्वीचा एखादा राहू द्या, कारण चुकून पुसलेलं कलेक्शन (निवडक फोटोंचा गट) कधीकधी फार उशिरा लक्षात येतं.

कॅटलॉगचं फोल्डर हाताने कॉपी करणार असाल तर आधी लाइटरूम बंद करा. चालू असताना काही बदल शेजारच्या तात्पुरत्या फाइलमध्ये असतात, त्यामुळे प्रत अर्धवट निघू शकते. चालू कॅटलॉग सिंक होणाऱ्या क्लाउड फोल्डरमध्ये ठेवू नका, हेही त्याच कारणासाठी. आवृत्ती 11 पासून कॅटलॉगच्या शेजारी एलआरकॅट-डेटा अशीही एक फाइल दिसते. आपोआप विषय ओळखून केलेल्या मास्कचा, म्हणजे फोटोतल्या निवडलेल्या भागाचा, डेटा तिच्यात असतो, तीही घ्या. प्रिव्ह्यूचं, म्हणजे फोटो पटकन दिसावेत म्हणून बनवलेल्या प्रतींचं, भलंमोठं फोल्डर मात्र सोडलं तरी चालतं, मूळ फोटो असतील तर ते पुन्हा बनवता येतं.

आणि एक गोष्ट आजच करा. कॅटलॉग सेटिंग्जमध्ये मेटाडेटाखाली बदल आपोआप एक्सएमपीमध्ये, म्हणजे फोटोसोबत राहणाऱ्या नोंदींमध्ये, लिहायचा पर्याय आहे, तो चालू करा. मग रॉ फाइलच्या (कॅमेऱ्यातून आलेल्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलच्या) शेजारी त्याच नावाची छोटी एक्सएमपी फाइल तयार होते; जेपेग, टिफ आणि डीएनजीच्या बाबतीत नोंदी थेट फोटोच्या फाइलमध्येच जातात. कॅप्शन, कीवर्ड, तारे आणि एडिटिंग त्यात येतं. कलेक्शन्स आणि व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोच्या वेगळ्या एडिटिंगच्या नोंदी) येत नाहीत, त्यामुळे कॅटलॉगचा बॅकअप तरीही लागतोच. पण हा पर्याय मी वेळेवर चालू केला असता तर बाबांनी सांगितलेली नावं त्या स्कॅनच्या फाइल्समध्येच राहिली असती.

आता फोटोंकडे. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला 3-2-1 चा नियम मी पाळतो: एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. घरातल्या दोन डिस्क एकाच चोरीत किंवा एकाच आगीत जातात. कायम जोडून ठेवलेली बॅकअप डिस्क रॅन्समवेअरच्याही (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमच्या) हाताशी असते, म्हणून काम झालं की ती काढून ठेवायची. रेडला, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून चालवायच्या पद्धतीला, बॅकअप धरू नका. एक डिस्क मेली तरी काम थांबू नये यासाठी ते असतं. चुकून पुसलेलं फोल्डर ते सगळ्या डिस्कवरून तितक्याच इमानाने पुसतं.

मिरर करणाऱ्या प्रोग्रॅमबाबत हाच धोका असतो. विंडोजमधल्या रोबोकॉपी या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमचा मिरर पर्याय लक्ष्याला मुळासारखं करतो, म्हणजे मुळात जे नाही ते तिथूनही उडवतो. मी फ्रीफाइलसिंक हा फोल्डर जुळवणारा प्रोग्रॅम वापरतो आणि त्यात पुसलेल्या किंवा बदललेल्या फाइल्सच्या जुन्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा पर्याय चालू ठेवतो. सिंक सुरू करण्याआधी किती फाइल्स पुसल्या जाणार तो आकडा दिसतो, तो दर वेळी वाचतो. एकदा तिथे 9,000 च्या वर आकडा दिसला. एका वर्षाचं आख्खं फोल्डर मी ओढताना भलत्याच फोल्डरच्या आत टाकलं होतं.

क्लाउडबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. घराबाहेरची प्रत म्हणून जरूर वापरा, फक्त वेळेचा हिशेब आधी करा. अपलोडचा वेग 20 एमबीपीएस असेल तर दीड टीबी चढायला रात्रंदिवस मिळून सुमारे 7 दिवस लागतात, तेही वेग कुठेही न पडता. ते नको असेल तर तिसरी डिस्क भावाकडे किंवा मैत्रिणीकडे ठेवून दर तीन महिन्यांनी बदलणं तितकंच चांगलं.

यानंतरचं काम बहुतेक जण करत नाहीत. शक्य असेल तर दुसऱ्या संगणकावर बॅकअपमधला कॅटलॉग उघडा, फोटोंची मूळ डिस्क काढून ठेवा आणि फक्त बॅकअप डिस्क जोडा. फोल्डरांवर प्रश्नचिन्हं दिसतील. घाबरू नका, वहीतला पत्ता जुना आहे एवढंच. फोल्डरवर राइट क्लिक करून हरवलेलं फोल्डर शोधायचा पर्याय निवडा आणि नवी जागा दाखवा. सगळे फोटो एकाच मोठ्या फोल्डरखाली असतील तर हे एकदाच करावं लागतं. वीस ठिकाणी विखुरलेले असतील तर वीस वेळा. ती आवराआवर आत्ताच करून टाका, पण लाइटरूमच्या आतूनच, म्हणजे पत्ते त्याला कळत राहतील. मग वेगवेगळ्या वर्षांचे दहा फोटो शंभर टक्के मोठे करून बघा. फाइल पूर्ण उघडते का, तारे आहेत का, कॅप्शन आहे का.

मी हे वर्षातून दोनदा करतो. सुरुवात नेहमी त्या अल्बमपासून होते. दोन आत्यांबरोबर बसून जेवढी नावं परत मिळवता आली, तेवढी आता त्यात आहेत.