गावच्या गायरानाची नोंद सरकारी संकेतस्थळांवरून कशी जमवायची?

तुम्ही नव्याने ग्रामपंचायत सदस्य झालात, गायरान नेमकं किती आणि कुठे हे गावात कोणालाच धड सांगता येत नाही, आणि महाभूलेखवर (ऑनलाइन सातबाऱ्याचं सरकारी संकेतस्थळ) सगळं मिळेल का असं विचारताय. सगळं नाही मिळणार. गावोगावच्या चराई कुरणांचं काम मी बघतो, त्यावरून सांगतो.

सुरुवात संकेतस्थळावर नको, चावडीत करा. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठीच) गाव नमुना १-ब मागा. ती सरकारी जमिनींची नोंदवही. सोबत १-ई, म्हणजे अतिक्रमणांची. त्यातून गट नंबर हाती आले की मग एकेक सातबारा ऑनलाइन काढा. उलटं करून नावाने शोधायला गेलात तर एका गटावर ‘सरकार’, दुसऱ्यावर ‘महाराष्ट्र शासन’, तिसऱ्यावर ‘ग्रामपंचायत’, चौथ्यावर नुसतंच ‘गुरचरण’. यादी कधीच पुरी होत नाही. कुठे दाखल करायचा असेल तर १५ रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा घ्या, फुकटचा फक्त बघण्यापुरता.

उतारा हातात आला की लोक आधी क्षेत्र बघतात. मी ‘इतर हक्क’ हा रकाना आणि फेरफार (जमिनीच्या नोंदीतला बदल) क्रमांक बघतो. पाण्याची टाकी, स्मशानभूमी, शाळा, हल्ली सौर प्रकल्प. गायरानातून जे काही रीतसर दिलं गेलं त्याचा माग फेरफारात सापडतो. म्हणून प्रत्येक फेरफार उघडून वाचा, कंटाळा करू नका. जुने ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर मिळू शकतात, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली जिल्हाधिकारी गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवतात, आणि नंतर आलेल्या कलम २२-अ ने ती दुसऱ्या कामाला वळवण्यावर बंधनं घातली आहेत. कागदावर ग्रामपंचायतीचं नाव असलं तरी परस्पर वाटायचा अधिकार पंचायतीला नाही. हे सरपंचांनाही एकदा वाचून दाखवा.

क्षेत्रासाठी सातबारा आणि भूमी अभिलेख कार्यालयातला आकारबंद (गटाचं क्षेत्र आणि आकारणी यांची नोंद) शेजारी ठेवून ताडा. फरक निघाला तर तहसीलदारांकडे लेखी कळवा. महाभूनकाशावर (गटांचे ऑनलाइन सरकारी नकाशे) गटाचा आकार दिसतो, पण तो उपग्रहाच्या चित्रावर ठेवून बांधावर भांडायला जाऊ नका. रेषा इकडेतिकडे सरकलेल्या असतात. हद्द ठरते ती सरकारी मोजणीनेच.

गाव विदर्भात असेल तर निस्तारपत्रकही (चराई, सरपण अशा गावाच्या सामाईक हक्कांची नोंद) लागेल. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत ‘झुडपी जंगल’ ही नोंद आहे का ते मुद्दाम बघा, कारण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या जमिनी वनजमीन ठरवल्या. तिथे वन विभागाला विचारल्याशिवाय काही करता येत नाही.

आता सरकारकडे न मिळणारी गोष्ट: गवत. गायरान ४० हेक्टर आहे हे उतारा सांगेल. त्यातलं किती खडक, किती बाभूळ आणि किती कुसळी-मारवेल, ते गावालाच लिहावं लागतं. पावसाळा सरताना, गवत फुलोऱ्यावर असताना, प्रत्येक गटात चार-पाच ठिकाणी एक मीटर लांब-रुंद चौकोनातलं गवत कापायचं, वाळवायचं, तोलायचं. एका चौकोनाच्या सरासरी ग्रॅमच्या आकड्याला दहाने गुणलं की हेक्टरी किलो. २०० ग्रॅम निघालं तर हेक्टरी २,००० किलो, अर्थात सगळंच चरू द्यायचं नसतं. जनावरांची संख्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. कानातल्या बारा अंकी बिल्ल्याची नोंद ‘भारत पशुधन’वर असते. पशुगणना २०१९ ची जुनी झाली, आणि हंगामापुरती येऊन जाणारी धनगरांची मेंढरं गावच्या आकड्यात दिसत नाहीत. ती वेगळी लिहा.

हे सगळं एकाच वहीत किंवा एक्सेलमध्ये ठेवा, एका ओळीत एक गट, आणि उतारा ज्या दिवशी काढला ती तारीख न चुकता. जिल्हा कोणता ते खाली लिहा, म्हणजे निस्तारपत्रक तुमच्याकडे लागू आहे का ते सांगता येईल.