आय-सेव्हन की आय-फाइव्ह? आधी सोसायटीचं बोला

प्रश्न: सर, मी औसा तालुक्यात लग्नाचं शूटिंग करतो. वर्षाला 25 लग्नं होतात. एडिटिंग लातूरला बाहेर देतो, एका लग्नाचे 3,000. आता स्वतःची मशीन घ्यायची आहे. लॅपटॉप (आय-सेव्हन 1355यू) 96,000 ला बसतो, डेस्कटॉप (आय-फाइव्ह 13400) मॉनिटर-यूपीएससह 64,000 ला. दुकानदार म्हणतो, दोन्हीत 10 कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत, पण आय-सेव्हन तो आय-सेव्हन. कोणता प्रोसेसर फास्ट? पैशाची अडचण नाही. सोयाबीनचे दीड लाख माझ्या खात्यावर आहेत. वडिलांचं गावच्या सोसायटीचं (शेतीकर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचं) पीककर्ज मार्चअखेर भरायला ठेवले होते, पण कर्जमाफी होणार असं सगळे म्हणतात, म्हणून भरणार नाही. उरलेल्यात लेन्स घेईन. माझे स्वतःचे 28,000 वेगळे आहेत.

उत्तर: डेस्कटॉप घ्या. प्रश्नाचं उत्तर एवढंच, पण कारण सांगतो, कारण दुकानदाराने तुम्हाला अर्धंच सांगितलंय.

दहा कोअर दोन्हीत आहेत हे खरं. पण लॅपटॉपच्या दहात 2 मोठे आणि 8 छोटे, डेस्कटॉपच्या दहात 6 मोठे आणि 4 छोटे. दोन बैल, आठ गोऱ्हे एकीकडे. सहा बैल, चार गोऱ्हे दुसरीकडे. नांगरट कोणाची आधी उरकेल ते तुम्हीच सांगा. त्यात 'यू' म्हणजे कमी विजेवर चालणारी जात. तिची मूळ मर्यादा 15 वॉट, डेस्कटॉपची 65. जोर लावायची वेळ आली तर लॅपटॉप 55 पर्यंत जातो, डेस्कटॉप 148 पर्यंत. कागदावर लॅपटॉपचा कमाल वेग 5 गिगाहर्ट्झ आणि डेस्कटॉपचा 4.6 दिसेल, दुकानदार नेमकं तेच बोट ठेवून दाखवेल. तो वेग घटकाभराचा असतो. फाइल उघडताना, एखादा कट मारताना लॅपटॉप कुठेच कमी वाटणार नाही. पण तीन तासांच्या लग्नाचं एक्सपोर्ट (तयार व्हिडिओची फाइल काढणं) लावलं, बाहेर मे महिना आहे आणि खोलीवर पत्रा आहे, की पातळ डब्यातली चिप तापते आणि स्वतःच वेग कमी करून घेते. आय-सेव्हन हे नाव आहे, माप नव्हे.

आता न विचारलेल्या गोष्टीकडे येतो.

'पैशाची अडचण नाही' हे वाक्य मी दोनदा वाचलं. ते पैसे तुमचे नाहीत. सात-बारा वडिलांचा, बोजा त्यांच्या नावावर, सिबिल (कर्जफेडीची पत) खराब होणार ते त्यांचं. त्यांचं यावर काय म्हणणं आहे, याची एक ओळसुद्धा पत्रात नाही.

माफी मिळाली तर दीड लाख वाचतील, हे मी नाकारत नाही. पण मागचे दोन हिशेब बघा. जून 2017 मध्ये माफी जाहीर झाली, थकबाकी धरली 30 जून 2016 ची. डिसेंबर 2019 मध्ये 2 लाखांपर्यंतची जाहीर झाली, त्यात थकबाकी धरली 30 सप्टेंबर 2019 ची. म्हणजे दोन्ही वेळा रेघ मागे ओढली. घोषणा ऐकून ज्यांनी भरणं थांबवलं, ते रेघेच्या बाहेर. आमच्या भावकीतल्या एकाने 2017 ला हेच केलं. पुढच्या खरिपाला सोसायटीत नवं-जुनं (जुनं कर्ज भरून नवं उचलणं) झालं नाही आणि बियाण्याला पैसे महिना शेकडा तीनने उचलावे लागले. नियमित भरणाऱ्यांना 2019 च्या योजनेत 50,000 पर्यंत प्रोत्साहन होतं, तेही हातात पडायला 2022 उजाडलं. पारावरच्या चर्चेवर घरचा हिशेब बसवू नका.

तुमचा हिशेब असा. मुदतीत भरलं तर केंद्राची 3 टक्के सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून हे कर्ज जवळजवळ फुकट पडतं. थकलं की सवलत गेली. 10 टक्के धरले तरी वर्षाचे 15,000. जूनमध्ये नवं कर्ज नाही, म्हणून बाहेरून लाखभर उचलले तर शेकडा तीनने महिन्याला 3,000, दिवाळीपर्यंत पाच महिन्यांचे आणखी 15,000. झाले 30,000. अर्ध्या डेस्कटॉपचे पैसे नुसत्या व्याजात. मुद्दल तसंच उभं.

मशीनला मात्र माझा विरोध नाही. 25 लग्नांचे 75,000 बाहेर जातात, ते वाचले तर 64,000 वर्षात वसूल. तुमच्या 28,000 पैकी 20,000 घाला, 8,000 राहू द्या. उरलेल्या 44,000 साठी बँकेत मुद्रा या सरकारी कर्ज योजनेच्या शिशु गटात अर्ज करा, तिथे 50,000 पर्यंत तारण लागत नाही. 12 टक्के धरले तर वर्षभर हप्ता 3,900 च्या आसपास, एकूण व्याज 3,000 च्या आत. फक्त चातुर्मासात मुहूर्त नसतात, बँकेचा हप्ता मात्र असतो. त्या चार महिन्यांचे 16,000 मे संपायच्या आत बाजूला काढा. लेन्स यंदा भाड्याने आणा.

मंगल कार्यालयातच हायलाइट दाखवायला लॅपटॉप हवा, असा विचार असेल तर मेमरी कार्ड देऊन एखाद्या पोराला गाडीवर घरी पाठवा. लाइट जाते म्हणाल, तर यूपीएसवर दहा-पंधरा मिनिटं निघतात. तेवढ्यात काम सेव्ह करून मशीन बंद करता येते.

बिलावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहून घ्या. '13400एफ' लिहिलं असेल तर त्यात ग्राफिक्स (पडद्यावर चित्र दाखवणारा भाग) नसतं, वेगळं कार्ड घ्यावं लागतं. 64,000 मध्ये ते धरलंय का, हे पैसे देण्याआधी विचारा. आणि त्याच्याही आधी, येत्या सोमवारी, वडिलांना घेऊन सोसायटीत जा. दीड लाख भरा, पावती त्यांच्या हातात द्या.