बीपी नॉर्मल असताना रात्री डॉक्टरांना उठवावे का?

तुम्ही विचारले आहे की, रात्रपाळीत एखादा रुग्ण बरा दिसत नाही असे मनातून वाटते, पण बीपी आणि ऑक्सिजन दोन्ही ठीक असतात. मागे अशाच वेळी डॉक्टरांना उठवल्याबद्दल बोलणी खावी लागली, तर पुन्हा फोन करावा की सकाळच्या राउंडची वाट पाहावी? फोन करावा, असेच मी म्हणेन. मात्र त्याआधी 5 मिनिटे रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहावे. मी 24 वर्षे परिचारिका आहे आणि त्यातली बहुतेक वर्षे सर्जरी वॉर्डात काढली आहेत.

बीपी ठीक आहे म्हणजे रुग्ण ठीक आहे, ही समजूत आधी मनातून काढावी लागते. अंगातले रक्त कमी होऊ लागले की हृदय वेगाने चालते, हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि अशा रीतीने शरीर बीपीचा वरचा आकडा बराच वेळ सांभाळून धरते. तरुण, धडधाकट माणसात तर जवळजवळ 30 टक्के रक्त जाईपर्यंत तो फारसा खाली येत नाही. तोपर्यंत नाडी वाढलेली असते, श्वास वाढलेला असतो, लघवी कमी झालेली असते आणि हातपाय गार पडलेले असतात. (रुग्ण हृदयाचा वेग कमी ठेवणाऱ्या गोळ्या घेत असेल तर नाडीही वाढेलच असे नाही, म्हणून आधीची औषधे केसपेपरवर पाहून घ्यावीत.)

हे मी शिकले ते माझ्याच चुकीतून. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, डिसेंबरातल्या एका रात्री, पोटाची शस्त्रक्रिया होऊन आलेल्या चाळिशीतल्या एक बाई माझ्याकडे होत्या. त्या सारखी चादर बाजूला करत होत्या आणि थंडीत पंखा लावा म्हणत होत्या. भूल उतरते आहे, होईल बरे, असे सांगून मी त्यांची समजूत काढली. 10 वाजता नाडी 84 होती, 12 वाजता 98, 2 वाजता 112. बीपी 118/76 वरून 112/84 वर आले होते, म्हणजे वरचा आकडा जेमतेम हललेला आणि खालचा मात्र चढत चाललेला. पण मी एकेक आकडा सुटा पाहत होते, ओळीने वाचत नव्हते. ड्रेनमध्ये, म्हणजे पोटात साचणारे रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत, काही येत नव्हते, याचा मला उलट दिलासा वाटत होता. रक्ताची गुठळी अडकली की आत रक्तस्राव होत असूनही ड्रेन कोरडा राहतो, हे तेव्हा लक्षात आले नाही.

3 वाजता वॉर्डातल्या मावशी मला म्हणाल्या, "सिस्टर, बाईंचा हात बघा किती गार लागतोय." मी गेले, हात धरला आणि त्या रात्री पहिल्यांदा घड्याळ लावून पूर्ण 1 मिनिट श्वास मोजले. ते 28 भरले. चार्टवर श्वासाच्या रकान्यात तीनही वेळा माझ्याच अक्षरात 18 लिहिलेले होते, आणि त्यातला एकही मी मोजलेला नव्हता. युरोबॅगमध्ये, म्हणजे लघवीच्या पिशवीत, 4 तासांत 40 मिलीसुद्धा लघवी नव्हती. 60 किलो वजनाच्या माणसाला ताशी किमान 30 मिली व्हायला हवी. पहाटे त्यांना पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेले, रक्तवाहिनीवर बांधलेली दोऱ्याची गाठ सुटलेली निघाली. त्या बऱ्या होऊन घरी गेल्या, पण मधले ते तास मी विसरलेले नाही.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये आणलेली आणि 2017 मध्ये सुधारलेली न्यूज (NEWS) नावाची, नाडी-श्वास-बीपीसारख्या आकड्यांना गुण देऊन रुग्ण किती बिघडला आहे ते सांगणारी गुणपद्धत मला नंतर कळली. तिच्यात श्वास 25 किंवा अधिक असेल तर एकट्या त्यालाच 3 गुण मिळतात. नव्याने आलेल्या गोंधळलेपणालाही 3. एकूण 5 झाले की डॉक्टरांनी तातडीने पाहायचे, 7 झाले की आणीबाणी समजायची. त्या बाईंचे 3 वाजताचे आकडे, म्हणजे नाडी 116 आणि वरचे बीपी 110, मी त्यात घालून पाहिले. श्वास 28 धरला तर बेरीज 6 येते; माझा लिहिलेला 18 धरला तर फक्त 3. म्हणून सांगते, श्वास अंदाजाने लिहू नका. नाडी पाहत असल्यासारखी बोटे मनगटावर तशीच ठेवून छातीची हालचाल मोजा, कारण आपला श्वास कोणी मोजते आहे हे कळले की रुग्णाचा श्वास बदलतो.

आता फोनविषयी. डॉक्टरांनी ओरडणे चूकच आहे, पण "सर, पेशंट जरा अस्वस्थ वाटते" एवढ्यावर झोपेतून उठलेल्या माणसाला काहीच कळत नाही. परिस्थिती, आधीची हकीकत, आपला अंदाज आणि आपली मागणी या क्रमाने बोलावे. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आलेली एसबार पद्धत ती हीच. उदाहरणार्थ: "सर, सर्जरी वॉर्डातून सिस्टर बोलते आहे. 6 नंबरच्या बाईंची नाडी 10 वाजता 84 होती, आता 116 आहे, श्वास 28, हात गार, 4 तासांत लघवी 40 मिलीपेक्षा कमी. काल दुपारी पोटाचे ऑपरेशन झाले आहे. आत रक्तस्राव होत असावा असे मला वाटते. आपण आत्ता येऊन पाहावे." शेवटचे वाक्य गाळू नका. नुसती माहिती दिली तर "बरं, लक्ष ठेवा" हे उत्तर मिळण्याचीच शक्यता जास्त.

फोनवर औषध सांगितले तर नाव, मात्रा आणि ते कसे द्यायचे (तोंडाने की सुईने) हे परत म्हणून दाखवावे. अस्वस्थ रुग्णाला झोपेचे इंजेक्शन द्या असे सांगितले गेले, तर "आपण आधी पाहावे, मग देते" असे नम्रपणे पण ठामपणे म्हणावे. अस्वस्थपणा हेच रक्तस्रावाचे किंवा ऑक्सिजन कमी पडल्याचे लक्षण असू शकते आणि औषधाने ते झाकले जाते. डॉक्टर आलेच नाहीत, तर रात्रीच्या सुपरवायझर सिस्टरना आणि मग वरिष्ठ डॉक्टरांना कळवावे. नोट्समध्ये "डॉक्टरांना कळवले" एवढेच न लिहिता किती वाजता, कोणाला, कोणते आकडे सांगितले आणि काय उत्तर मिळाले हे लिहावे. डॉक्टर पाहून "काही नाही" म्हणून गेले तरी पुढचा तासभर दर 15 मिनिटांनी मोजत राहावे, आणि सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरकडे रुग्ण सोपवताना, ते सगळे आकडे टेबलापाशी नव्हे, तर त्या रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहून सांगावेत.