'समतुल्य' ग्रेड आणि पी या अक्षराचे घोळ

प्रश्न असा आहे : कॉर्टन पोलादाच्या (रंग न देता उघड्यावर वापरतात आणि ज्याला वरचा गंजाचा थरच राखतो, त्या पोलादाच्या) माहितीपत्रकाचं मराठी करताना तक्त्यात एकाच ओळीत 'एस३५५जे२डब्ल्यूपी', 'ए५८८' आणि 'एसएमए४९०एपी' अशी नावं आली, वर मथळा 'इक्विव्हॅलंट ग्रेड्स'. त्याला 'समतुल्य' म्हणावं की 'समकक्ष'? आणि शेवटी लागलेला तो पी कसला?

आधी पी घेऊ, कारण त्यातच मथळ्याचं उत्तर दडलंय.

युरोपच्या ईएन १००२५-५ या मानकातलं नाव सरळ उलगडतं. एस म्हणजे स्ट्रक्चरल. ३५५ ही यील्ड स्ट्रेंग्थ, म्हणजे ज्या ताणाला पोलाद कायमचं ताणलं जाऊ लागतं तो, मेगापास्कलमध्ये. तीही १६ मिलिमीटरपर्यंतच्या जाडीला, पुढे ती उतरते. जे२ म्हणजे उणे २० अंशांवरच्या आघात चाचणीत किमान २७ ज्यूलची हमी. डब्ल्यू वेदरिंगचा, म्हणजे हवामान सोसण्याचा, आणि पी फॉस्फरसचा. एरवी फॉस्फरस पोलादाला ठिसूळ करतो म्हणून तो जमेल तितका काढून टाकतात. इथे मात्र मुद्दाम ०.०६ ते ०.१५ टक्के ठेवतात, कारण तांब्याच्या जोडीनं तो गंजाचा थर घट्ट बसवायला मदत करतो.

जपानच्या जेआयएस जी ३११४ मधल्या पीचा फॉस्फरसशी काही संबंध नाही. तिथे डब्ल्यू म्हणजे उघडा ठेवायचा माल आणि पी म्हणजे रंग देऊन वापरायचा माल. पीमध्ये तांबं आणि क्रोमियम दोन्ही कमी असतात. म्हणजे तुमच्या तक्त्यावर विसंबून कोणी 'एसएमए४९०एपी' मागवलं आणि दर्शनी भिंतीला उघडंच लावलं, तर जे मानकानं रंगवायला सांगितलंय तेच पावसात उभं राहील! जपानी मानकांत फॉस्फरसवाला पत्रा वेगळाच आहे : जी ३१२५ मधला 'एसपीए-एच'. जहाजावरच्या कंटेनरांना वापरतात तो. गंमत म्हणजे त्यातला पी 'प्लेट'चा.

आकड्यांचंही तेच. जपानी ४९० ही ताणून तुटेपर्यंतची ताकद, युरोपीय ३५५ ही यील्ड. त्यामुळे ४९० दिसलं म्हणून माल फार दणकट असं समजू नका. त्याची यील्ड पातळ प्लेटला ३६५ आहे. अमेरिकी ५८८ हा तर निव्वळ मानकाचा क्रमांक. त्या पोलादाची यील्ड ३४५ मेगापास्कल, म्हणजे त्यांच्या मापात चौरस इंचाला ५० हजार पौंड. म्हणून पुलांच्या ए७०९ मानकात याच जातीला '५०डब्ल्यू' म्हणतात. चिनी 'क्यू३५५एनएच' मधलं एनएच हे 'नाय-हौ', म्हणजे हवामान सोसणारं, याची आद्याक्षरं. मला हे नाव सगळ्यांत प्रामाणिक वाटतं.

मूळ 'कॉर-टेन' हे यूएस स्टीलचं १९३३ सालचं व्यापारी नाव, 'करोजन' आणि 'टेन्साइल' यांचे तुकडे जोडून केलेलं. वनस्पती तुपाला सरसकट डालडा म्हणावं तसं आपल्याकडे आता सगळंच कॉर्टन. त्यातही 'कॉर-टेन ए' म्हणजे फॉस्फरसवालं, 'कॉर-टेन बी' म्हणजे कमी फॉस्फरसचं. तेव्हा ओळ सुधारून लिहायची तर 'डब्ल्यूपी'च्या शेजारी अमेरिकी ए२४२ आणि जपानी एसपीए-एच हवेत. ए५८८ च्या शेजारी पी नसलेलं 'एस३५५जे२डब्ल्यू' आणि जपानी नावांपैकी डब्ल्यूनं संपणारं.

एवढं करूनही ती 'समतुल्य' होत नाहीत. जे२ मध्ये आघात चाचणीची हमी नावातच आहे. ए५८८ मध्ये ती वेगळी मागावी लागते. 'समतुल्य' म्हटलं की दोन्ही एकाच तराजूत सारखी उतरतात असा दावा होतो. 'समकक्ष' पदव्यांना आणि हुद्द्यांना ठीक. मी मथळा 'जवळच्या ग्रेड' असा करीन आणि खाली 'बदली माल घेण्यापूर्वी टेस्ट सर्टिफिकेट तपासावे' अशी ओळ टाकीन.

न विचारलेली एक गोष्ट : पत्रकात कुठे 'गंजरोधक पोलाद' लिहिलं असेल तर खोडा. हे पोलाद गंजतं, आणि त्यानं गंजावं हीच अपेक्षा असते. फक्त थर घट्ट बसला की पुढचा गंज मंदावतो. त्यासाठी ओलं होऊन पुन्हा वाळणं लागतं. कोकण किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत तो थर नीट बसत नाही, आणि 'गंजरोधक' वाचून नेमका तिथलाच गिऱ्हाईक ते आधी मागेल.